कपाटाची किल्ली गुरुजींच्या हाती द्या



आपले मंडीदीप हे यंत्रांचे गाव. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इथे औद्योगिक क्षेत्र उभे राहू लागले आणि होशंगाबाद रस्त्यावरची एक लहानशी वस्ती २०११ च्या जनगणनेपर्यंत साठ हजारांच्या घरातले शहर झाली. ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड, ट्रॅक्टर, औषधे, विजेची उपकरणे... आपल्यापैकी बहुतेकांची चूल याच शेडमधल्या पगारावर पेटते. तेव्हा कारखान्यात नवे मशीन आले की काय होते, हे आपल्या बायका-मुलांनाही ठाऊक आहे. मशीन ट्रकमधून उतरण्याआधी पाया भरलेला असतो, वीज ओढलेली असते. ऑपरेटरला ट्रेनिंगला पाठवतात. कंपनीचा इंजिनिअर आठ-पंधरा दिवस त्याच्या शेजारी उभा राहतो. बिघाड झाला तर कोणाला फोन करायचा, हे मशीनवरच चिकटवलेले असते. यातले काहीही न करता एखाद्या मॅनेजरने मशीन आणून ठेवले आणि ऑपरेटरला सांगितले, ‘उद्यापासून माल काढ’, तर लोक त्या मॅनेजरलाच वेड्यात काढतील.

सरकारी शाळेत मात्र नेमके हेच होत आले आहे, आणि तिथे वेड्यात निघतो तो ऑपरेटर. म्हणजे आपले गुरुजी.

मध्यंतरी वह्या-वाटपासाठी आम्ही मंडळातले चार जण परिसरातल्या एका शाळेत गेलो होतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट त्या एकाच शाळेची नाही. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात एक प्रोजेक्टर खोक्यात होता. वरचे प्लास्टिकही निघाले नव्हते. आम्ही सहज विचारले, ‘सर, हे वापरत नाही का?’ सरांनी आधी दाराकडे पाहिले आणि मग हळू आवाजात म्हणाले, ‘भाईसाहब, फुटला तर माझ्या पगारातून कापतील. कपाटात आहे तोवर माझी नोंद बरोबर आहे.’

आम्ही बँकेतले कारकून, कॉमर्सचे पदवीधर. नोंद बरोबर असण्याचे महत्त्व आम्हाला कोणी शिकवायला नको. पण त्या दिवशी स्कूटरवरून घरी येताना हे वाक्य डोक्यातून जाईना. स्टॉक रजिस्टरात ‘प्रोजेक्टर, नग एक’ ही नोंद शंभर टक्के खरी आहे, आणि त्या नोंदीचा मुलांना उपयोग शून्य आहे.

आजच्या लेखात सांगायचे ते एवढेच. शिक्षकांनी वर्गात नवे तंत्रज्ञान वापरावे असे सगळेच पुढारी भाषणात म्हणतात. आम्हीही म्हणतो. पण शिक्षक ते वापरत नाहीत याचे कारण त्यांचा आळस नाही. वापरणाऱ्याला शिक्षण, वेळ, अभय आणि मान यांपैकी काहीच आपण देत नाही, हे कारण आहे. यंत्रावर पैसा खर्च होतो, माणसावर होत नाही. इथेच घोडे पेंड खाते.

आमच्या बँकेची गोष्ट

‘शिक्षकांना बदल नको असतो’ असे म्हणणाऱ्यांनी बँकांचा इतिहास जरूर पाहावा. ऐंशीच्या दशकात बँकेत संगणक येणार म्हटल्यावर आमच्या आधीच्या पिढीने जोरदार विरोध केला, निदर्शने केली. नोकऱ्या जातील ही भीती होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. मग हा प्रश्न सुटला कसा? फतवा काढून सुटला नाही. १९८३ साली बँक कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. पुढे १९८७ आणि १९९३ साली आणखी करार झाले. यंत्रे कुठे आणि कशासाठी बसवायची, ती चालवणाऱ्याला विशेष भत्ता किती, हे सगळे समोरासमोर टेबलाशी बसून ठरले. डॉ. रंगराजन समितीचे १९८४ चे शिफारसपत्र होतेच. पण त्या कागदाला जीव आला तो या करारांमुळे.

आम्ही बँकेत लागलो त्याला आता वीसेक वर्षे झाली. कोअर बँकिंग शाखाशाखांतून येऊ लागले होते ते दिवस. शाखेत एक ज्येष्ठ बाबूजी होते, निवृत्तीला तीन वर्षे उरलेली. लेजरमधले त्यांचे अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. तिमाही बॅलन्सिंगला पैचाही फरक पडायचा नाही. नव्या सिस्टिमच्या पहिल्या दिवशी हा माणूस काउंटरवर बसला, माउस हातात धरला आणि घामाघूम झाला. समोर रांग. मागून कोणीतरी ओरडले, ‘अरे, कोई पढ़ा-लिखा आदमी बैठाओ!’ बाबूजींनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्यांचा रजेचा अर्ज आला.

त्या वेळच्या आमच्या मॅनेजरसाहेबांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी ती रजा मंजूर केली नाही आणि मेमोही काढला नाही. रोज काउंटर बंद झाल्यावर अर्धा तास सरावाच्या खात्यांवर बाबूजींनी नोंदी करायच्या आणि आम्ही पोरांनी शेजारी बसायचे, असे ठरवून दिले. चुकले तर उलटी नोंद करता येते, आभाळ कोसळत नाही, हे बाबूजींना पहिल्या आठवड्यात कळले. महिन्याभरात ते सरावले. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या शाखेतला एक कर्मचारी त्यांच्याकडे शिकायला येऊ लागला.

त्या महिन्यात आम्ही एक धडा शिकलो. बाबूजींना यंत्राची भीती नव्हतीच. तीस वर्षे ज्या कामात आपण पारंगत, त्याच कामात चारचौघांसमोर अडाणी ठरण्याची ती भीती होती. आता विचार करा. बाबूजींसमोर पंधरा ग्राहक होते. गुरुजींसमोर चाळीस मुले असतात, आणि त्यातल्या दहांना मोबाइल गुरुजींपेक्षा चांगला चालवता येतो. वायर जोडूनही पडद्यावर चित्र आले नाही तर वर्गात हशा पिकतो. अशा वेळी शेजारी उभे राहायला गुरुजींजवळ कोण आहे?

उपग्रह आले, उपग्रह गेले

वर्गात यंत्र आणण्याची हौस आपल्या देशाला आजची नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० गावांत टीव्हीचे कार्यक्रम दाखवले गेले. ‘साइट’ या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. त्यात मध्य प्रदेशही होता आणि सकाळचे कार्यक्रम खास शाळकरी मुलांसाठी असत. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. २००० च्या सुमारास आपल्या राज्यात ‘हेडस्टार्ट’ योजनेखाली जनशिक्षा केंद्रांवर संगणक पोहोचले. २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ आकाशात गेला, खास शिक्षणासाठीचा आपला स्वतःचा उपग्रह. तो २०१० साली सेवेतून निवृत्तही झाला. मग २०१७ साली ‘दीक्षा’ आले. २०२० साली करोनाने शाळांना कुलूप लावले, तेव्हा मध्य प्रदेशात व्हॉट्सॲपच्या गटांवरून धडे येऊ लागले आणि ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ सुरू झाले.

त्या दिवसांत मंडीदीपच्या चाळींत काय चालले होते हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप शिफ्टला. धडा दुपारी यायचा, फोन रात्री यायचा. अशाही स्थितीत कित्येक शिक्षक आणि बाई मास्क लावून गल्लीत आल्या, ओट्यावर चार-पाच मुले घेऊन बसल्या. त्या काळात शिक्षण जे काही टिकले ते या माणसांमुळे टिकले. फोन त्यांच्या हातातले साधन होते.

आता यंत्रांची संख्या वाढते आहे, हे मान्य करायलाच हवे. केंद्र सरकारच्या ‘यूडायस प्लस’च्या आकडेवारीनुसार २०२३-२४ साली देशातल्या शंभरापैकी सुमारे ५७ शाळांत संगणक होते आणि ५४ शाळांत इंटरनेट. २०२४-२५ साली हे आकडे सुमारे ६५ आणि ६३ झाले. चांगली गोष्ट आहे. पण हे आकडे आमच्या त्या स्टॉक रजिस्टरासारखेच आहेत. वस्तू आहे, एवढेच ते सांगतात. आठवड्यातून किती तास चालली, हे सांगत नाहीत.

नुसत्या वस्तू दिल्याने काय होते याचा मोठा धडा पेरू देशाने गिरवला. तिथे आठ लाखांहून जास्त लॅपटॉप मुलांना वाटले. २०१२ साली अभ्यासकांनी तपासले तेव्हा गणित आणि भाषा या विषयांत मुलांची काहीच प्रगती दिसली नाही. लॅपटॉप आले, शिकवणे होते तसेच राहिले.

नर्मदेपलीकडचा धडा

उलट उदाहरण पाहायला परदेशात जायला नको. मंडीदीपहून इटारसीची पॅसेंजर धरा, बुधनीचा घाट उतरा, नर्मदा ओलांडा. होशंगाबाद, ज्याला २०२२ पासून नर्मदापुरम म्हणतात. १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी त्या जिल्ह्यातल्या सोळा मिडल स्कूलांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, बाहेर जाऊन पाहायचे, प्रश्न विचारायचे. १९७८ साली तो जिल्ह्यातल्या सगळ्या मिडल स्कूलांत गेला. १९८२ साली एकलव्य संस्था स्थापन झाली आणि तिने हे काम पुढे नेले.

त्या कार्यक्रमाचे साहित्य काय होते? एक किटची पेटी. भिंगे, परीक्षानळ्या, सुया, चुंबक. आजच्या स्मार्ट बोर्डासमोर अगदी किरकोळ. पण शिक्षकांसाठी केलेली व्यवस्था किरकोळ नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत काही आठवड्यांचे शिबिर, त्यात शिक्षकांनी आधी स्वतः सगळे प्रयोग करून पाहायचे. मोठमोठ्या विद्यापीठांतले वैज्ञानिक त्यांच्याबरोबर जमिनीवर बसत. वर्ष चालू असताना दर महिन्याला शिक्षकांची बैठक. वर्गात काय फसले, कोणता प्रयोग जमला नाही, हे तिथे मोकळेपणाने सांगायचे, आणि पुस्तक सुधारताना शिक्षकांचे म्हणणे ऐकले जायचे. परीक्षेत पुस्तक उघडून ठेवायला परवानगी, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते.

पुण्याच्या टेल्को कारखान्यातले इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन या कार्यक्रमात आले होते. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या यांतून भूमितीच्या आकृत्या बनवण्याची कल्पना त्यांना तिथेच सुचली. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली, त्यांच्या फिल्मा जगभर मोफत पाहायला ठेवल्या आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे मराठी मुलखातल्या कारखान्यातला माणूस आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या गुरुजींकडे येतो आणि दोघे मिळून काही घडवतात. आपल्या मंडळाला याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

२००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबले. कारणांच्या वादात आम्ही इथे शिरत नाही. पण जे सरकार कार्यक्रम बंद करू शकते, ते सुरूही करू शकते, एवढे मतदार म्हणून लक्षात ठेवावे.

परितेवाडीचे सर

महाराष्ट्रातले नाव आता सगळ्यांच्या तोंडी आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहान गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांना क्यूआर कोड जोडले. फोन धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. पुढे महाराष्ट्राने आपल्या पाठ्यपुस्तकांत ही पद्धत घेतली, एनसीईआरटीच्या पुस्तकांतही कोड आले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचे नावही असेच गाजले. तिथे संदीप गुंड या शिक्षकाने आदिवासी पाड्यावरच्या मुलांच्या हाती टॅबलेट दिले, गावाने हातभार लावला. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि कितीतरी गावांनी लोकवर्गणीतून शाळा डिजिटल केल्या.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. कल्पना शिक्षकाची होती. ती वरून आली नव्हती. शिक्षकाने आपल्या वर्गाची अडचण पाहिली आणि तिच्यासाठी साधन शोधले. पण अशा शिक्षकाचे आपण करतो काय? डिसले सरांना एवढा मोठा पुरस्कार मिळाला, आणि २०२२ साली वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या त्यांच्या अभ्यास-रजेच्या आणि प्रतिनियुक्तीच्या वादाच्या. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवायला आम्ही बसलेलो नाही. पण कर्तबगार शिक्षकासाठी आपल्या व्यवस्थेकडे सत्काराची शाल असते, कामाची सोय नसते, ही खंत आहेच.

केरळने वेगळी वाट धरली. २००१ साली तिथे ‘आयटी ॲट स्कूल’ सुरू झाले आणि शिक्षकांमधूनच मास्टर ट्रेनर तयार केले गेले. शिक्षकाला शिकवणारा शिक्षकच. तो वर्गातली अडचण जाणतो, त्याच्यापुढे अडाणी ठरण्याची लाज वाटत नाही. २०१८ च्या सुमारास त्या राज्यात ४५ हजार वर्गखोल्या हायटेक झाल्या, तेव्हा ती साधने वापरणारे हात आधीच तयार होते.

पहारेकरी यंत्र

आता आपल्या राज्यातली एक नाजूक गोष्ट. मध्य प्रदेशात शिक्षकाच्या हाती सरकारी ॲप मोठ्या प्रमाणावर आले ते कशासाठी? आधी ‘एम शिक्षा मित्र’, आणि २०२५ साली ‘हमारे शिक्षक’ ॲपवरची ई-अटेंडन्स. म्हणजे गुरुजी शाळेत आले की नाही, हे पाहण्यासाठी. शिक्षक संघटनांनी विरोध केला, प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले.

शिक्षकांनी वेळेवर यावे याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. गैरहजर राहणाऱ्या शिक्षकाची बाजू हे मंडळ कधीही घेणार नाही. आम्हालाही बँकेत हजेरी लावावीच लागते. पण ज्या माणसाची आणि यंत्राची पहिली भेट ‘तुझ्यावर भरवसा नाही’ या वाक्याने होते, त्याला त्या यंत्राचे प्रेम कसे वाटावे? आमच्याकडेही यंत्र जर आधी पहारेकरी म्हणून आले असते, तर बाबूजी कायमचे रजेवर गेले असते.

त्यात शिक्षकाच्या डोक्यावरची बाकीची कामे पाहा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बिगर-शैक्षणिक कामे देता येतात. पण निवडणुकीच्या नावाखाली मतदार यादीचे काम महिनोन्‌महिने चालते. शिवाय शिष्यवृत्ती, मॅपिंग, पोर्टलवरच्या नोंदी. आमच्या काउंटरवर शाळेच्या खात्याचे काम घेऊन येणारे गुरुजी शाळेच्या वेळेतच येतात, आणि आम्हाला ठाऊक असते की या घडीला एक वर्ग मोकळा बसला आहे.

घसाऱ्याचा हिशेब

कॉमर्सवाले म्हणून थोडा हिशेब मांडतो. प्राप्तिकर कायद्यात संगणकाचा घसारा वर्षाला ४० टक्के धरतात. एक लाखाचा संगणक घेतला तर पहिल्या वर्षाअखेरी त्याची किंमत ६० हजार, दुसऱ्या वर्षी ३६ हजार, तिसऱ्या वर्षी २१ हजार ६००. तो वापरा नाहीतर कपाटात ठेवा, घसारा थांबत नाही. तीन वर्षे खोक्यात राहिलेला संगणक म्हणजे जनतेचे ७८ हजार ४०० रुपये कोणताही गुन्हा न घडता नाहीसे झाले. शिक्षकाला शिकवण्यावर केलेल्या खर्चाचे मात्र उलटे आहे. ते कौशल्य वापराने वाढते आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मग गुंतवणूक आधी कशात करावी?

पैसा अजिबात नाही असेही नाही. समग्र शिक्षा अभियानात सहावीपासून पुढच्या शाळांच्या संगणक प्रयोगशाळेसाठी ६ लाख ४० हजारांपर्यंत एकरकमी आणि पाच वर्षे दरसाल २ लाख ४० हजारांपर्यंत आवर्ती खर्चाची तरतूद आहे. शाळेला पटसंख्येनुसार दहा हजारांपासून एक लाखापर्यंत वार्षिक अनुदानही असते. पण त्या अनुदानातूनच खडू, दुरुस्ती, विजेचे बिल, स्वच्छता. इंटरनेटचा नंबर शेवटी लागतो.

‘मुलांच्या हाती फोन नकोच’

काही पालक म्हणतील, आधीच पोरे मोबाइलमध्ये डोके घालून बसतात, आता शाळेतही तेच? ही शंका रास्त आहे. २०२३ साली युनेस्कोच्या अहवालानेही हाच इशारा दिला, की तंत्रज्ञान शिक्षकाची जागा घेऊ लागले तर फायद्यापेक्षा तोटा व्हायचा. आम्ही जे मागतो ते वेगळे आहे. पडदा एक, वर्ग सगळा, आणि रिमोट गुरुजींच्या हाती. हृदयातून रक्त कसे वाहते हे दोन मिनिटे दाखवायचे, मग पडदा बंद करून मुलांना आपली नाडी मोजायला लावायची. मुलांपुढे व्हिडिओ लावून गुरुजी रजिस्टर भरत बसले, तर त्याला आम्ही तंत्रज्ञान म्हणत नाही, पाळणाघर म्हणतो.

आमच्या मागण्या

निवडणुका येतील, उमेदवार दारात येतील, स्मार्ट क्लासचे वचन देतील. तेव्हा खालच्या पाच गोष्टी विचाराव्यात, ही सभासदांना विनंती.

पहिली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची गोष्ट आहे. ते तास नुसते ऑनलाइन व्हिडिओ उघडून पूर्ण होऊ नयेत. त्यातले काही तास त्याच शाळेत, त्याच यंत्रावर, शेजारी जाणकार शिक्षक बसवून व्हावेत.

दुसरी. तयारीसाठी शिक्षकाला आठवड्यात दोन तासिका मोकळ्या मिळाव्यात आणि बिगर-शैक्षणिक कामांचा बोजा कायद्याच्या मर्यादेत यावा.

तिसरी. वापरताना बिघडलेल्या वस्तूची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, असा लेखी आदेश निघावा. तपासणीत वस्तू जागेवर आहे का, याबरोबर ती किती तास चालली हेही पाहावे. जाब विचारायचाच तर न उघडलेल्या खोक्याचा विचारावा.

चौथी. नवे काही लादण्याआधी शिक्षक संघटनांशी टेबलाशी बसून बोलावे, जसे बँकांत झाले. औबेदुल्लागंज विकासखंडातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीत होशंगाबादसारखा अनुभवांचा मोकळा तास असावा.

पाचवी. इंटरनेट आणि दुरुस्ती यांसाठी दरवर्षी वेगळी रक्कम मिळावी. मशीन घेऊन मेंटेनन्स न देणारा कारखाना मंडीदीपमध्ये तरी आम्ही पाहिलेला नाही.

आणि आपण?

सगळे सरकारने करावे आणि आपण लेख लिहावेत, हे बरे नव्हे. आपल्या मंडळात निवृत्त इलेक्ट्रिशियन आहेत, आयटीआय झालेले आहेत, कॉलेजात संगणक शिकणारी मुले आहेत. महिन्यातून दोन शनिवार, शाळा सुटल्यावर एक तास, मुलांच्या माघारी, दोघे जण गुरुजींबरोबर बसू शकतात. शिकवायला म्हणून जाऊ नये. शेजारी बसायला जावे. वायर धरावी, प्लग बदलून द्यावा, चुकले तर ‘होते असे’ म्हणावे. बाबूजींना एवढेच हवे होते.

यात आपल्या घरचाही फायदा आहे. इथे शाळेत मराठी नाही, आपली मुले देवनागरी वाचतात पण मराठी वाचत नाहीत, ही आपली जुनी तक्रार. बालभारतीची पुस्तके आज ई-स्वरूपात मोफत मिळतात. ज्या पडद्यावर शनिवारी गुरुजींचा सराव होईल, त्याच पडद्यावर रविवारी आपल्या मुलांचा मराठीचा एक तास होऊ शकतो.

जाता जाता एक कबुली. हा लेख लिहायला घेतला तेव्हा आठवले, की आपल्या मंडळाकडेही एक प्रोजेक्टर आहे. वर्गणी काढून घेतलेला. गणेशोत्सवात दहा दिवस चालतो आणि उरलेले वर्षभर कार्यालयाच्या कपाटात खोक्यात असतो, फुटू नये म्हणून. त्याची किल्ली आमच्याकडेच आहे. म्हणजे आम्ही त्या सरांपेक्षा वेगळे नाही.

तेव्हा पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत: गणेशोत्सव सोडून हा प्रोजेक्टर जवळच्या सरकारी शाळेला वापरायला द्यावा, आणि फुटला तर खर्च मंडळाने सोसावा. सभासदांनी ठरावाला हात वर करावा. मग उमेदवारांना प्रश्न विचारायला आपल्यालाही तोंड राहील.